हिवाळ्यात स्वित्झर्लंडला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचून प्लॅन करा

स्वित्झर्लंडच्या ट्रिपबद्दल आपल्याकडे जे ऐकायला मिळतं ते बहुतेक सगळं मे-जूनचं असतं, आणि तोच प्लॅन उचलून लोक डिसेंबरच्या तारखा टाकतात. तिथेच गडबड होते. हिवाळ्यात निम्मी ठिकाणं बंद असतात, दिवस साडेचारला संपतो, आणि खाली शहरात आठवडाभर धुकं असताना वर डोंगरावर चक्क गॉगल लावून बसावं लागतं. म्हणजे देश तोच पण ट्रिप पूर्ण वेगळी. मला विचाराल तर उन्हाळ्यापेक्षा भारी, फक्त प्लॅन वेगळ्या पद्धतीने करायला लागतो. खाली ज्या क्रमाने कामं करायची त्याच क्रमाने लिहिलंय, मधल्या स्टेप गाळू नका.

१. आधी तारखा ठरवा, ठिकाणांची यादी नंतर

हिवाळा म्हणजे सगळा एकच सीझन असं समजू नका. साधारण असं असतं:

नोव्हेंबर: शक्यतो नकोच. ह्या महिन्यात बऱ्याच केबलकारची वार्षिक देखभाल चालू असते, डोंगरातल्या गावांमधली कितीतरी हॉटेल्स बंद असतात, आणि खाली पुरेसा बर्फही नसतो. स्वस्त दिसतं ते उगाच नाही.

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे: ख्रिसमस मार्केट बघायची असतील तर हाच काळ. इथे एक मोठा गैरसमज आहे, लोक २४ तारखेला पोचतात आणि मार्केट शोधत फिरतात. बहुतेक मार्केट २३-२४ डिसेंबरला संपतात, बासेलचं २३ ला बंद होतं. आणि २५ ला तर सगळा देश घरात जेवत बसलेला असतो, त्या दिवशी सुपरमार्केटसुद्धा बंद.

२० डिसेंबर ते २-३ जानेवारी: सगळ्यात महाग. शिवाय स्की गावांमधली बरीच हॉटेल्स ह्या काळात एक-दोन रात्रींचं बुकिंग घेतच नाहीत, पाच-सात रात्री सलग घ्या म्हणतात. न्यू इयर तिथेच करायचं असेल तर उन्हाळ्यातच बुकिंग करून मोकळे व्हा.

७ जानेवारीनंतर महिनाअखेरपर्यंत: माझी पहिली पसंती. गर्दी ओसरलेली, बर्फ चांगला, रेट खाली आलेले. दोन अपवाद लक्षात ठेवा. जानेवारीच्या मध्याला वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की रेस असते तेव्हा त्या भागात खोली मिळणं अवघड, आणि वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या आठवड्यात दावोसच्या वाटेलाही जाऊ नका.

फेब्रुवारी: शाळांच्या स्पोर्ट्स हॉलिडे असतात, प्रत्येक कॅन्टनच्या (म्हणजे तिथल्या राज्याच्या) वेगवेगळ्या आठवड्यात. परत गर्दी, परत महाग.

मार्च: ज्यांना थंडीची भीती वाटते त्यांनी मार्च घ्यावा. दिवस मोठा झालेला असतो, वर बर्फ भरपूर असतो.

आणि दिवसाचा हिशोब कागदावर लिहूनच ठेवा. डिसेंबरअखेर झ्युरिकला सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. त्यामुळे 'सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी अजून एक डोंगर' हे विसरा, दिवसाला एक मोठी गोष्ट पुरे.

२. व्हिसा

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपियन देशांचा गट) आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसाच लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. आता ते '१५ दिवस' वाचून कुणी निवांत राहू नका. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात पण नियमात ४५ दिवसांपर्यंत मुभा आहे, आणि सुट्टीच्या सीझनमध्ये अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. डिसेंबरला जायचं असेल तर सप्टेंबरमध्ये फाईल तयार पाहिजे.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिले असतील तर सहसा परत द्यावे लागत नाहीत.

कुठल्या देशाकडे अर्ज करायचा ह्यात लोक अडकतात. नियम सरळ आहे, ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. पॅरिसला चार रात्री आणि स्वित्झर्लंडला तीन असा प्लॅन करून स्विस व्हिसा मागितलात तर प्रश्न विचारला जाणारच. अपॉइंटमेंट सोपी मिळते म्हणून तिसऱ्याच देशाचा व्हिसा काढायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा आणि निघा.

लागणारे कागद:

- पासपोर्ट, गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने व्हॅलिड, दोन कोरी पानं. जुने पासपोर्ट असतील तर तेही
- भरलेला आणि सही केलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो
- जाण्यायेण्याचं फ्लाईट रिझर्वेशन
- प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग, सगळ्या प्रवाशांच्या नावांसकट
- कमीत कमी ३०,००० युरोचं कव्हर असलेला, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स
- बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, नोकरीचं आणि रजेचं पत्र किंवा धंद्याचे कागद
- दिवसवार प्लॅन आणि एक साधं कव्हर लेटर
- मुलं बरोबर असतील तर जन्मदाखला, आणि एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र

ही यादी बेसिक झाली, अर्जाच्या दिवशी अधिकृत चेकलिस्ट परत एकदा उघडून टिकमार्क करा. हॉटेलच्या आणि विमानाच्या तारखा, इन्शुरन्सच्या तारखा आणि कव्हर लेटरमधल्या तारखा एकमेकींशी जुळतात का हे घरातल्या दुसऱ्या कुणालातरी तपासायला द्या, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत कॅन्सल होणारं बुकिंगच ठेवा.

इन्शुरन्स घेताना अजून एक. साध्या पॉलिसीत बरेचदा 'विंटर स्पोर्ट्स' वगळलेले असतात, आणि काही कंपन्या साधी स्लेज पण त्यात धरतात. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर बिल हजारांमध्ये येतं, तेही फ्रँकमध्ये. थोडे जास्त पैसे भरून ते कव्हर घ्याच आणि पॉलिसीतली ती ओळ स्वतः वाचा, एजंट 'हो हो सगळं कव्हर आहे' म्हणाला तरी.

विमान जर दुसऱ्या शेंगेन देशात बदलणार असाल तर इमिग्रेशन त्या पहिल्या विमानतळावरच होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून एन्ट्री-एक्झिट सिस्टीम सुरू झालीये, पहिल्या वेळी फोटो आणि ठसे घेतात, रांगा वाढल्यात. एक तासाचं कनेक्शन स्वस्तात मिळत असलं तरी घेऊ नका.

३. राहायला दोनच गावं निवडा

सात-आठ दिवसांत पाच हॉटेलं हा टूर कंपन्यांचा छंद आहे, तुम्ही करू नका. बर्फात बॅगेची चाकं चालत नाहीत, कपडे जाड असल्यामुळे बॅगा मोठ्या, आणि ट्रेन बदलायला कधीकधी पाच-सहा मिनिटंच मिळतात. दोन बेस घ्या आणि तिथून रोज फिरा.

पहिला बेस ल्युसर्न. झ्युरिक विमानतळावरून थेट ट्रेनने साधारण सव्वा तास. रिगी, पिलाटुस, टिटलिस हे तिन्ही डोंगर इथून एकेका दिवसात होतात. संध्याकाळी अंधार पडल्यावर शहरात फिरायला काहीतरी असतं, कापेलब्रुके हा चौदाव्या शतकातला लाकडी पूल रात्री दिव्यांत बघा (१९९३ च्या आगीनंतर बराच भाग नव्याने बांधलाय).

दुसरा बेस बर्नीज ओबरलँडमध्ये, म्हणजे इंटरलाकेनच्या आसपासच्या डोंगराळ भागात. बहुतेक जण डोळे झाकून इंटरलाकेन घेतात. ते वाईट नाही, पण ते ५७० मीटरवर आहे आणि हिवाळ्यात तिथे बर्फ असेलच असं नाही. बर्फात राहायचं म्हणून जाताय तर वर राहा: ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटर, वेंगेन १२७४, म्युरेन १६०० च्या वर. वेंगेन आणि म्युरेनमध्ये गाड्याच नाहीत, ट्रेन किंवा केबलकारनेच जावं लागतं, रात्री इतकी शांतता की पहिल्या दिवशी जरा विचित्र वाटतं. लाउटरब्रुनेनचे फोटो बघून खाली दरीत राहायचा मोह होतो, पण दोन्ही बाजूंनी सरळ कडे असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तिथे ऊन जेमतेम पोचतं, आणि ज्यासाठी जाताय ते धबधबे ह्या दिवसांत बारीक झालेले असतात. बजेट कमी असेल तर थुन किंवा स्पिट्झ बघा, ट्रेन सारख्या आहेत.

झेरमॅट ह्या दोन्हींत बसत नाही, इंटरलाकेनहून स्पिट्झ आणि विस्पला ट्रेन बदलत दोन-सव्वादोन तास लागतात. तिथलं मॅटरहॉर्न शिखर बघायचंच असेल तर तिथे निदान दोन रात्री द्या, कारण एकाच दिवसात जाऊन आलात आणि नेमकं ते ढगात असेल तर संपलंच.

हॉटेल बुक करताना दोन गोष्टी विचारा. एक, कुरटाक्स म्हणजे पाहुण्यांचा कर रेटमध्ये आहे का, तो माणशी दर रात्री वेगळा घेतात. दोन, गेस्ट कार्ड मिळतं का. इंटरलाकेन, बासेल अशा बऱ्याच ठिकाणी ह्या कार्डावर लोकल बस-ट्राम फुकट असते, आणि लोक हे माहीत नसल्यामुळे तिकीट काढत बसतात.

४. काय बंद आहे ते आधी बघा

ही स्टेप लोक हमखास गाळतात. उन्हाळ्याच्या यादीतून हिवाळ्यात काय वगळायचं ते सांगते:

श्टान्सरहॉर्नची वरून उघडी केबलकार हिवाळाभर बंद. ब्रिएन्झ रोटहॉर्नची वाफेवरची ट्रेन बंद. श्यिनिगे प्लाटेची डोंगरावरची ट्रेन बंद. ट्र्युमेलबाखचे गुहेतले धबधबे बंद. फुर्का, ग्रिमझेल, सुस्टेन हे घाट बर्फामुळे बंद. पिलाटुसची प्रसिद्ध दातेरी चाकाची ट्रेन आल्प्नाखश्टाडकडून बंद असते, पण क्रिएन्सकडून केबलकार चालू असते, म्हणजे पिलाटुस होतं, फक्त गोल फेरी होत नाही. ऱ्हाईन फॉल्स चालू असतो पण उन्हाळ्यात सेकंदाला साधारण ६०० घनमीटर पाणी पडतं ते हिवाळ्यात अडीचशेवर येतं, त्यामुळे मुद्दाम दिवस घालवू नका.

ग्लेशियर एक्सप्रेस ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत धावत नाही. बर्निना एक्सप्रेस धावते, आणि बर्फातली ट्रेन बघायची असेल तर माझं मत बर्निनाला. लांडवासरचा ६५ मीटर उंच वळणदार पूल, २२५३ मीटरवरचं ओस्पिझिओ बर्निना, तिथून उतरत थेट इटलीतलं तिरानो. हा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आता गंमत बघा, एक्सप्रेसचं सीट रिझर्वेशन वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं, पण त्याच रुळांवरून साध्या रिजनल ट्रेनपण जातात, त्यांना रिझर्वेशन नाही, आणि बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात म्हणजे फोटोत काचेची चमक येत नाही. पॅनोरमाच्या मोठ्या काचा नसल्या तरी मी साधीच ट्रेन सांगेन. फक्त ल्युसर्नहून एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर फार ताणाताण होते, कूर किंवा सेंट मोरिट्झला एक रात्र टाका.

५. पास: ट्रॅव्हल पास की हाफ फेअर

इथे वेळ घालवा, पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यात ट्रेन, बस, बोटी, शहरातल्या ट्राम, ५०० च्या वर म्युझियम, आणि रिगीसारखा डोंगर पूर्ण फुकट. बाकी बहुतेक डोंगरांवर ५० टक्के सूट. पण युंगफ्राउयोखला (रेल्वेने जाता येतं ते ३४५४ मीटरवरचं ठिकाण) ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपासून पुढे फक्त २५ टक्के.

हाफ फेअर कार्ड एक महिना चालतं, ते घेतलं की बहुतेक सगळी तिकिटं निम्म्या दरात, युंगफ्राउयोखसुद्धा निम्म्यात.

आता कुणाला काय? रोज लांब फिरणार, शहरं बदलणार, बोटीत बसणार असाल तर ट्रॅव्हल पास. पण हिवाळ्यात दिवस छोटा, बेस दोनच, बोटींच्या फेऱ्या कमी, आणि खर्च मुख्यतः डोंगरांच्या तिकिटांवर, त्यामुळे बऱ्याच जणांना हाफ फेअर स्वस्त पडतं. जोडीला ज्या दिवशी लांबचा प्रवास आहे त्या दिवसापुरता सेव्हर डे पास घ्यायचा, तो सहा महिने आधीपासून मिळतो आणि जितका लवकर घ्याल तितका स्वस्त. एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) साईटवर तुमचे सगळे प्रवास एकेक टाकून बेरीज करा, अर्धा तास लागतो.

सहा वर्षांखालची मुलं फुकट. ६ ते १५ च्या मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, पास किंवा हाफ फेअर असलेल्या आई-वडिलांबरोबर मुलांचा प्रवास फुकट होतो. ते मागितलं तरच मिळतं, आपोआप येत नाही.

स्टेशनवर गेट-बिट काही नसतं, सरळ चढता येतं, म्हणून तिकीट नंतर काढू असं करू नका. गाडीत तपासनीस येतो आणि दंड १०० फ्रँकच्या आसपास बसतो. स्वस्तातली सेव्हर तिकिटं त्याच एका ट्रेनला चालतात हेही बघून ठेवा.

आणि इंटरलाकेन ओस्टहून ग्रिंडेलवाल्ड-लाउटरब्रुनेनची ट्रेन एकच दिसते पण ती त्स्वाइल्युचिनेनला दोन भागांत तुटते, अर्धी एकीकडे जाते अर्धी दुसरीकडे. प्लॅटफॉर्मच्या बोर्डावर कुठला डबा कुठे जाणार ते लिहिलेलं असतं, डब्यावर पण असतं. नवरा एका डब्यात आणि बायको बॅगा घेऊन दुसऱ्या डब्यात, हा सीन तिथे रोज होत असणार.

६. डोंगराचा दिवस आदल्या रात्री ठरवा

ह्या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या.

हिवाळ्यात थंड जड हवा खालच्या सपाट भागात साठून राहते, वर गरम हवेचं झाकण बसतं, आणि त्याखाली धुकं अडकतं. झ्युरिक, बर्न, ल्युसर्न, सगळं दिवसेंदिवस करडं. ह्या धुक्याची वरची पातळी बरेचदा हजार मीटरच्या आसपास असते. म्हणजे हॉटेलच्या खिडकीतून बघून 'आज काही दिसणार नाही, झोपूया' म्हणालात तर घोटाळा, कारण त्याच वेळी १८०० मीटरवरच्या रिगीवर स्वच्छ ऊन असतं आणि खाली ढगांचा समुद्र पसरलेला असतो. आणि उलटंपण होतं, खाली ऊन आणि ३००० मीटरवर बर्फाचं वादळ.

म्हणून खिडकी बघू नका, वेबकॅम बघा. प्रत्येक डोंगराचा लाईव्ह कॅमेरा त्यांच्या साईटवर फुकट असतो. रात्री मेटिओस्विसच्या (तिथल्या हवामान खात्याच्या) ॲपवर उद्याचा अंदाज, सकाळी सात वाजता वेबकॅम, मग तिकीट, हाच क्रम. युंगफ्राउयोखचं तिकीट पूर्ण दरात २०० फ्रँकच्या वर जातं, आणि ते दोन महिने आधी एका तारखेला बांधून घ्यायचं आणि मग त्या दिवशी वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, ह्याला काही अर्थ नाही. एजंट 'आधी बुक केलं की निश्चिंत' म्हणेल, निश्चिंत तो होतो. ऐन ख्रिसमसच्या गर्दीत सीट रिझर्वेशनची गरज लागू शकते, पण तेसुद्धा दोन-तीन दिवस आधी अंदाज बघून करा.

त्यामुळे प्लॅन लिहिताना 'सोमवार टिटलिस, मंगळवार युंगफ्राउ' असं लिहू नका. दोन याद्या करा, एक उन्हाच्या दिवसांची, एक ढगाळ दिवसांची. ढगाळ यादीत ल्युसर्नचं ट्रान्सपोर्ट म्युझियम (मुलं असतील तर अख्खा दिवस जातो), बर्नचं जुनं शहर, बासेलची म्युझियम, एखादं गरम पाण्याचं स्पा. ऊन दिसलं की बाकी सगळं सोडून वर पळायचं. व्हिसासाठी दिलेला दिवसवार प्लॅन फक्त फाईलपुरता, त्यात डोंगर मंगळवारऐवजी गुरुवारी गेला तर कुणी विचारत नाही.

वारा हा दुसरा मुद्दा. फ्योन नावाचा दक्षिणेकडून येणारा गरम जोराचा वारा सुटला की केबलकार बंद पडतात, आकाश निळंशार असलं तरी. दातेरी रुळांच्या ट्रेन अशा वेळी बहुतेक चालू राहतात, म्हणून वाऱ्याच्या दिवशी रिगी किंवा झेरमॅटचं गोर्नरग्राट (३०८९ मीटर, १८९८ पासून ट्रेन जाते) सेफ.

युंगफ्राउयोख ३४५४ मीटर आहे. १९१२ साली तिथपर्यंत रेल्वे नेली हे खरंच बघण्यासारखं, पण त्या उंचीवर हवा विरळ असते. हळू चाला, पाणी प्या, पळापळ करू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस केबलकारने पंधरा मिनिटांत वरच्या आयगरग्लेचर स्टेशनला पोचता येतं, म्हणजे उंची फार पटकन वाढते, म्हणून वर उतरल्यावर पहिली दहा मिनिटं बसूनच घ्या.

७. कपडे

जाडजूड एकच जॅकेट घेऊन चालत नाही. ट्रेनमध्ये, दुकानात, हॉटेलात चांगलंच गरम असतं, बाहेर शून्याखाली, त्यामुळे दिवसभर काढ-घाल चालू असते. तीन थर ठेवा: आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. आतला थर सुती नको, घाम आला की तो ओला राहतो आणि मग हुडहुडी भरते. जीन्स शहरात चालते, बर्फात बसलात की संपली.

सगळ्यात जास्त पैसे बुटांवर घाला. वॉटरप्रूफ, घोट्याच्या वर, तळ खोल खाचांचा. बर्फापेक्षा बर्फाचा गोठलेला काचेसारखा थर जास्त घातक असतो, पडतात लोक ते गावातल्या रस्त्यावर. बुटांवर चढवायचे रबरी काटे मिळतात, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर नक्की घ्या.

गॉगल आणि सनस्क्रीन हिवाळ्यातच जास्त लागतं, बर्फावरून ऊन परत तोंडावर येतं. मोबाईलची बॅटरी थंडीत झपकन उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात आणि पॉवर बँक जवळ. चार्जरला ॲडॅप्टर लागेल, आपली गोल जाड पिन तिकडच्या सॉकेटमध्ये जात नाही, दोन बारीक गोल पिनांची युरोपियन चालते. स्कीचे कपडे विकत घेऊ नका, बऱ्याच स्की गावांत भाड्याने मिळतात.

८. बर्फात खेळायचं तर

स्की पहिल्यांदाच करणार असाल तर नवशिक्यांच्या मैदानावर अर्धा दिवस शिकवणी घ्या, ग्रिंडेलवाल्डला बोडमी म्हणून सोपा भाग आहे. पूर्ण दिवसाचा महाग स्की पास पहिल्या दिवशी घेऊ नका, दोन तासांत पाय थरथरायला लागतात.

आपल्यासारख्यांना खरी मजा स्लेजमध्ये येते. रिगीवर आहे, ग्रिंडेलवाल्डला आहे, स्लेज भाड्याने मिळते. फाउलहॉर्नवरून ग्रिंडेलवाल्डपर्यंतचा १५ किलोमीटरचा रन फार प्रसिद्ध आहे पण त्याच्या सुरुवातीपर्यंत स्लेज ओढत अडीचेक तास चढावं लागतं, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. छोट्या रनपासून सुरू करा, हेल्मेट घ्या, दोन्ही टाचा दाबून ब्रेक लावायला आधी सपाटीवर शिका, आणि स्कीच्या वाटेवर स्लेज घेऊन घुसू नका.

नुसतं चालायचं असेल तर गुलाबी पाट्या बघा, त्या हिवाळी पायवाटांच्या. पिवळ्या पाट्या उन्हाळ्याच्या, त्या वाटा साफ केलेल्या असतीलच असं नाही. हिमस्खलनाचा धोका १ ते ५ अशा पातळ्यांत रोज जाहीर होतो, पण नवख्याने आकडा बघून स्वतः ठरवायचं नसतं, बंद केलेल्या दोरीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, तिथे दुसऱ्यांच्या पावलांचे ठसे दिसत असले तरी. कांडरश्टेगजवळचा ओशिनेनझे तलाव गोठतो आणि त्यावर चालता येतं, पण अधिकृतपणे उघडला असेल तेव्हाच.

नंबर सेव्ह करा: ॲम्ब्युलन्स १४४, पोलीस ११७, हेलिकॉप्टर रेस्क्यू रेगा १४१४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२.

९. पैसे आणि खाणं

चलन स्विस फ्रँक. युरो काही ठिकाणी घेतात पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि रेट त्यांच्या मर्जीचा. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. मशीन 'तुमच्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे का' असं विचारतं तेव्हा नाही म्हणा, फ्रँकच निवडा.

हॉटेलात बसून जेवलात तर मेन डिश २५-३५ फ्रँक सहज, कॉफी पाचच्या आसपास. रोज एक वेळ कूप किंवा मिग्रोस ह्या सुपरमार्केटमधून घ्या, सँडविच, सॅलड, दही, ब्रेड, सगळं चांगलं असतं. किचन असलेली खोली घेतली तर बजेट निम्मं होतं. पाणी विकत घ्यायचंच नाही, नळाचं पाणी पिण्यालायक आहे. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनमधली उघडी असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळीच खरेदी उरका.

शाकाहारी लोकांनी फार घाबरू नये, रोस्ती (किसलेल्या बटाट्याची), राक्लेट आणि फोंड्यू (दोन्ही वितळवलेल्या चीजचे) आहेच. फोंड्यूमध्ये वाईन असते आणि बरेच ठिकाणी निदान दोघांचाच देतात. रोस्तीवर बेकन टाकतात, आधी विचारा. झ्युरिकला हिल्ट्ल म्हणून १८९८ पासूनचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, तिथे एकदा जाऊन या.

आता घरून काय न्यायचं. चिवडा, चकली, भाकरवडी, चटण्या खुशाल न्या. पण युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्यापण नकोत.

१०. गाडी भाड्याने घ्यायची का?

नाही. उजव्या बाजूने चालवायचं, त्यात बर्फ, त्यात अंधार, हायवेसाठी ४० फ्रँकचं विग्नेट (टोलचं स्टिकर), आणि झेरमॅटला जायचं तर टेशलाच गाडी ठेवून ट्रेनने पुढे जावं लागतं. ट्रेन सगळीकडे जातात.

११. परतताना

शेवटची रात्र डोंगरात काढू नका, खाली झ्युरिक किंवा ल्युसर्नला या. जोराचा बर्फ पडला तर वरची एखादी लाईन काही तास बंद होऊ शकते आणि विमान थांबत नाही. झ्युरिक मुख्य स्टेशनपासून विमानतळ दहा-बारा मिनिटांवर आहे.

एकाच दुकानात ३०० फ्रँकच्या वर खरेदी झाली असेल (घड्याळ घेतलंत तर होणारच) तर टॅक्स-फ्री फॉर्म दुकानातच भरून घ्या आणि बॅग चेक-इन करण्याआधी कस्टमचा शिक्का मारून घ्या, वस्तू दाखवायला सांगू शकतात. चॉकलेट हँडबॅगेत चालतं, पण फोंड्यूचं पाकीट आणि चॉकलेट स्प्रेड सिक्युरिटीवाले द्रव म्हणून काढून घेऊ शकतात, ते मोठ्या बॅगेत टाका.